एकसुरी

आठवीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर हुकला. त्याचं वाईट दोन दिवस वाटलं आणि ओसरलं. पण परीक्षकांनी गुणपत्रकावर माझ्या नावापुढे मारलेला शेरा आमच्या सरांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, तो मात्र अंगात कुसळासारखा रुतून बसला. 'विषय उत्तम, पाठांतर उत्तम, आवाज एकसुरी.'

घरी आलो. आई कळण्याच्या भाकरी थापत होती. विचारलं, "माय, एकसुरी म्हंजे काय व?"

हात न थांबवता तिने जरा विचार केला. "एकच सूर. मंग चांगलंच शे ना ते!"

तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. एकादशीच्या भजनात सगळ्या बायकांचा सूर एक झाला की ती खूश होऊन घरी यायची. नाही झाला तर कोणाच्या गळ्याने घोळ घातला ते रात्रभर सांगायची. एक सूर ही मिळवायची गोष्ट, आणि ती मिळवल्याबद्दल पोराचे गुण कापले, हा काय न्याय? मला काही समजावून सांगता येईना. पुढे बँकेत लागलो, नाशकात घर केलं, निवृत्तही झालो. तो शब्द अजून खिशात आहे. मधूनमधून काढून बघतो.

आधी त्या शेऱ्याचा हिशेब मिटवतो. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. घरात अहिराणी. अहिराणी कानावर पडली की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा हेल. नुसतं "काय करी राह्यना रे?" एवढं विचारायचं तरी शेवटचा 'रे' झोक्यासारखा लांब जाऊन परत येतो. त्या एका 'रे'त माया असते, चौकशी असते, कधी 'काम सोडून इथे काय करतोस' ही तंबीही असते. शाळेत हा हेल म्हणजे गुन्हा. "हेल काढू नकोस, शुद्ध बोल," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की विस्तव भरलेला तांब्या फिरवून सदऱ्याची सुरकुती मोडावी तसा मी माझा आवाज घासून घासून सपाट केला. हेलाबरोबर चढउतारही गेले, कारण माझ्याकडे चढउतार असे वेगळे नव्हतेच. जे काय होतं ते हेलातच होतं. असा इस्त्री केलेला आवाज घेऊन मी स्पर्धेला उभा राहिलो. एकाने सूर काढून घेतला आणि दुसऱ्याने सूर नाही म्हणून गुण कापले. दोघेही माझ्या भल्यासाठीच झटत होते, हे वर.

आता शब्दाकडे येतो. मराठीत 'एका सुरात' म्हटलं की चांगलं आणि 'एकसुरी' म्हटलं की वाईट. ग्रामसभेत सगळे एका सुरात बोलले तर एकी दिसते. तीच सभा एकसुरी झाली तर मागच्या रांगेतले तंबाखू मळायला बाहेर जातात. घटक तेच, एक आणि सूर. शेवटच्या 'ई'ने सगळा कारभार बिघडवला. 'एकसारखा' या शब्दाचंही थोडं असंच आहे. एकसारखे कपडे म्हणजे हुबेहूब, आणि एकसारखा पाऊस म्हणजे न थांबणारा. पहिल्यात दोन वस्तू लागतात, दुसऱ्यात एकच वस्तू स्वतःसारखी राहत जाते. एकसुरी बोलणारा माणूसही दुसऱ्या कोणासारखा नसतो. आधीच्या क्षणी तो जसा होता तसाच आताही असतो, एवढीच त्याची चूक.

निवृत्तीनंतर रिकामपण भरपूर, तेव्हा एकदा वहीच्या मागच्या पानावर मी कंटाळवाण्या बोलण्याचे मराठी शब्द लिहून काढले. तेच ते दळण दळणे. चर्चेचं गुऱ्हाळ. चऱ्हाट लावणे. टकळी चालू ठेवणे. रहाटगाडगं. घाण्याचा बैल तर आहेच. लिहून झाल्यावर पानाकडे बघत बसलो. जातं, उसाचा चरक, दोर वळणं, सूत काढायची टकळी, विहिरीवरचा रहाट, तेलाचा घाणा. सगळ्याच गोष्टी गोल फिरणाऱ्या! आणि प्रत्येकीतून शेवटी काहीतरी हाती येतं: पीठ, गूळ, दोर, सूत, पाणी, तेल. ज्या कामांवर घर चालायचं, त्याच कामांची नावं आपण कंटाळ्याला दिली. मला शंका आहे की ही नावं देणारे लोक जातं ओढणारे नसणार. ते शेजारी अंथरुणात पडून ऐकणारे असणार.

मीही त्यातलाच. आजी पहाटे दळायला बसायची तेव्हा मी गोधडीत असायचो. जात्याची घरघर ही एकसुरी म्हणावी तर अगदी नमुन्याची. पण आजीची ओवी त्या घरघरीवरच उभी असायची. जातं थांबलं की ओवीही थांबायची, मधल्या शब्दावर. दोन दगडांमधलं धान्य संपत आलं की घरघर कोरडी व्हायची, दगडाला दगड लागल्याचा खरखरीत आवाज यायचा, आणि आजी न बघता मुठीने वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायची. अंधारात तिला दाणे दिसत नसत. ती कानाने दळत होती. (जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने जात्यावर लिहायचं आणि असोद्याच्या बहिणाबाईंचं नाव घ्यायचं नाही, हे आमच्याकडे चालत नाही, म्हणून घेतलं. पुढे जातो.)

कानाने काम करणं मी खरं पाहिलं ते आप्पांचं, म्हणजे वडिलांचं. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार होती आणि शेतीची वीज बहुतेकदा रात्रीची. आप्पा स्टार्टर दाबून मळ्यातल्या बाजेवर आडवे व्हायचे आणि पाच मिनिटांत घोरू लागायचे. मोटारीचा एकच आवाज, रात्रभर. मला झोप यायची नाही, मी चांदण्या मोजायचो. मग मध्येच कधीतरी आप्पा ताडकन उठून बसायचे. मला काहीच वेगळं ऐकू आलेलं नसायचं. ते म्हणायचे, "पानी सोडं तिनं." जाऊन बघावं तर खरंच मोटारीने पाणी सोडलेलं, पाइपात हवा धरलेली. पाणी ओढायचा भार गेला की मोटार हलकी होते, किंचित जास्त पळते, आवाज बारीक होतो. तो किंचितपणा आप्पांना झोपेत ऐकू यायचा. एखादा फेज गेला तर उलटं व्हायचं. मोटार दबक्या आवाजात घुमायची, आणि तेव्हा तर ते चपलाही न घालता धावायचे, कारण तशी ती चार-पाच मिनिटं राहिली तर वाइंडिंग जळतं आणि पिकाचे पैसे रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जातात.

आवाज बदलेपर्यंत ते झोपू शकत होते. तो एकसुरी आवाज त्यांना दर क्षणाला सांगत होता की ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे. मला त्यात फक्त कटकट ऐकू यायची, कारण मला त्या पाण्याची काळजी नव्हती.

बँकेत गेल्यावर मला माझा सपाट आवाज अचानक कामाला आला. संगणक येण्याआधीची गोष्ट. खातेवह्यांचा ताळा करताना एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या वहीत टिक करत जायचं. वाचणाऱ्याने आवाज चढवला की टिक करणारा मान वर करतो, आणि मान वर झाली की ओळ चुकते. मोठी रक्कम आली म्हणून आश्चर्य दाखवायचं नाही, ओळखीच्या माणसाचं खातं आलं म्हणून हसायचं नाही. आमच्या शाखेत आकडे वाचायला मलाच बसवायचे. "तुमचा आवाज लागत नाही," असं एक सहकारी म्हणायचे. हे कौतुक आहे हे कळायला मला बरेच महिने लागले.

या कामाला फार जुना आधार आहे, हे नंतर कळलं. महाविद्यालयात संस्कृत घेतलं होतं, ते निवृत्तीनंतर पुन्हा उघडलं. वेदपठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे तीन स्वर, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पाणिनी मात्र पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात सांगतो की काही ठिकाणी हे तिन्ही भेद मिटवायचे आणि सगळं एकाच सुरात म्हणायचं. त्याला त्याने नाव दिलं आहे 'एकश्रुती'. यज्ञकर्मात मंत्र एकश्रुतीने म्हणायचे. जप, न्यूङ्ख (मंत्रात मध्ये 'ओ'कार घालून म्हणायची पद्धत) आणि सामगान एवढे अपवाद. यज्ञात हात कामात गुंतलेले असतात आणि मंत्र त्या कामाबरोबर चालायचा असतो. खातेवहीची आठवण मला झाली ती उगाच नाही, असं मी मानतो. शास्त्रीबुवांनी रागावू नये.

पण त्याच्या आधीचं सूत्र वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. 'एकश्रुति दूरात्सम्बुद्धौ.' दूरच्या माणसाला हाक मारताना एकश्रुती. आणि आठव्या अध्यायात तो पुरवणी जोडतो, की दुरून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत होतो, म्हणजे तीन मात्रांइतका लांब.

म्हणजे आमची आई.

संध्याकाळी बोरीच्या पात्रात आम्ही पोरं खेळत असायचो. मध्ये कपाशीची दोन शेतं. आई गावकुसाला येऊन हाक मारायची, "गोट्या, जेवाले ये रेऽऽऽ." घरात तिच्या बोलण्याला जो झोका असायचा, तो या हाकेत मुळीच नसायचा. राग नाही, माया नाही, प्रश्न नाही. अख्खं वाक्य एका पातळीवर, आणि शेवटचा 'रे' सरळ, तारेसारखा ताणलेला. वाऱ्यात बारीक चढउतार टिकत नाहीत, कपाशीच्या निम्म्या वाटेतच ते गळून पडतात. पोचतो तो एकच लांब सूर. तिने हे कुठे शिकलं असेल? सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीनेही ते कुठल्यातरी आईच्या तोंडूनच ऐकलं असणार. त्याने फक्त लिहून ठेवलं.

सगळं एकसुरी असं थोर असतं, असं मात्र मी म्हणत नाही. पाहुण्याच्या तोंडचं पंचेचाळीस मिनिटांचं मनोगत मी ऐकलं आहे. आमच्या सुरत-भुसावळ मार्गावर पूर्वी रुळांचे सांधे होते, तेरा-तेरा मीटरचे तुकडे जोडलेले. गाडी प्रत्येक सांध्यावर खडाक्-खडाक् करायची आणि धरणगाव येईपर्यंत आम्ही त्यावर गाणी बसवायचो. आता रूळ वेल्डिंग करून अखंड केले, गाडी नुसती घूं करते. झोप छान लागते. गाणं काही सुचत नाही.

सूर धरणं हे स्वतःच एक काम असू शकतं, हे मला एका वाजंत्र्याने दाखवलं. चुलत बहिणीच्या लग्नात दारात सनईवाले बसले होते. एक जण चाल वाजवत होता, एक संबळावर, आणि तिसरा म्हातारा नुसता एकच सूर काढत होता. तास झाला, दोन तास झाले. त्याची बोटं हलत नव्हती. गाल फुगलेले, डोळे अर्धवट मिटलेले. आणि श्वास घ्यायला तो थांबायचाच नाही! मी अकरा-बारा वर्षांचा. समोर उकिडवा बसून त्याच्या गळ्याकडे बघत राहिलो. जेवणाच्या वेळी तो बिडी ओढत बसला तेव्हा विचारून टाकलं, "बाबा, तुम्हाले वाजाडता येत नही का?"

आजूबाजूचे हसले. म्हातारा हसला नाही. त्याने मला दाखवलं, तोंडातली हवा गालांनी ढकलत राहायची आणि त्याच वेळी नाकाने आत ओढायची. मला म्हणाला, करून बघ. मला ठसका लागला. मग चाल वाजवणाऱ्याकडे बोट करून म्हणाला, "मी थांबनू ते त्याले हुबं राह्याले जागा नही."

'री ओढणे' हा वाक्प्रचार आपण हुजऱ्यांसाठी वापरतो. मूळ काम त्या म्हाताऱ्याचं आहे, मुख्य गाणाऱ्यामागे सूर धरून राहणाऱ्याचं. हुजऱ्यांसाठी तो वापरताना मला आता जड जातं.

अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 साली ते उभं केलं. गावात त्यांची कापडगिरणीही होती. एका बाजूला सूत आणि दुसऱ्या बाजूला वेदान्त, असं आमचं तालुक्याचं ठिकाण. कॉलेजात असताना मी त्या आवारात झाडाखाली बसून अभ्यास करायचो, बराचसा परीक्षेचा, थोडासा इकडचा तिकडचा. तिथेच मी पतंजलीचं सूत्र पाठ केलं होतं: 'तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्.' मनात एकच प्रत्यय अखंड ताणलेला राहणं म्हणजे ध्यान. त्यात 'एकतान' हा शब्द आहे आणि तो मराठीत आपण आदराने वापरतो. माणूस एकतान झाला म्हणजे रमला, हरवला.

एकसुरीसाठी इंग्रजीत 'मोनोटोन' म्हणतात, तो शब्द मुळात ग्रीक. मोनोस म्हणजे एक आणि टोनोस म्हणजे ताण. ताणलेल्या तारेचा म्हणून सूर. हा टोनोस आणि आपला 'तन्' धातू एकाच कुळातले. त्याच तन् पासून तंतू, तान, ताण, आणि मागावरचा ताणासुद्धा. म्हणजे 'मोनोटोन' हा शब्द अक्षराला अक्षर लावून संस्कृतात नेला तर 'एकतान' होतो. एकाच घरातले दोन भाऊ; एक तिकडे गेला आणि कंटाळा झाला, एक इकडे राहिला आणि ध्यान झाला. त्या परीक्षकांना हे माहीत असतं तर त्यांनी मला पहिला नंबर दिला असता, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तेव्हाही नसता दिला. तुम्ही हे असंच सांगितलं असतं."

हे सगळं डोक्यात घोळत होतं ते आप्पांमुळे. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या बायकोने फोन केला. "दादा, आप्पा आमच्यावर रागावलेत का? तुम्हाला काही बोलले का?" मी गावी गेलो. रागवण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. पण आप्पांचं बोलणं बदललं होतं, हळू आणि सपाट. नातू पहिला आला ही बातमी आणि म्हैस आजारी पडली ही बातमी त्यांनी एकाच आवाजात सांगितली. मला वाटलं, वय झालं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून उठायला लावलं, बोटांची चिमूट मिटा-उघडायला लावली, आणि म्हणाले, कंपवात. पार्किन्सन. हात अजून थरथरतही नव्हता. मेंदूत डोपामिन कमी पडतं, स्नायू आखडतात. हातापायाचे आखडतात तसे चेहऱ्याचे आणि गळ्याचेही. "आवाजातला चढउतार जातो," डॉक्टर म्हणाले. "घरच्यांना वाटतं माणूस रागावलाय किंवा उदास झालाय."

आप्पांचा फोन रोज रात्री यायचा, अजूनही येतो. "जेवना का?" एवढंच विचारतात. पूर्वी या दोन शब्दांच्या हेलावरून मला सगळं कळायचं. पाऊस पडला की नाही, कापसाला भाव मिळाला की नाही, भावाशी वाजलंय का. आता दोन्ही शब्द एका उंचीवर येतात. सुरुवातीला मी घाबरून उलट विचारायचो, काय झालं, बरं वाटत नाही का? ते म्हणायचे, काही नही. त्याच आवाजात.

हळूहळू कान बसला. सूर बदलत नाही म्हटल्यावर मी बाकीचं ऐकू लागलो. 'का' किती लवकर येतो. मधला श्वास. मागे टीव्ही चालू आहे की बंद. फोन ठेवण्याआधी ते किती वेळ थांबतात. एका रात्री दोन शब्दांमध्ये नेहमीपेक्षा जरा जास्त अंतर पडलं, आणि मी भावाला लगेच फोन लावला. आप्पांना ताप चढला होता, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जळगावला एका वाणी-उपचार करणाऱ्या मुलीकडे त्यांना नेलं. तिने दिलेला पहिलाच व्यायाम ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिलो. खोल श्वास घ्यायचा आणि मोठ्याने 'आऽऽ' म्हणायचं. एकाच सुरात. जितका वेळ टिकेल तितका. चढउतार नंतर. आधी एक सूर धरता आला पाहिजे, ती म्हणाली.

गावी आप्पा हा व्यायाम संध्याकाळी ओट्यावर बसून करतात. मी घड्याळ धरून बसतो. पहिल्या दिवशी चार सेकंद टिकला. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो होतो तेव्हा अकरा सेकंद झाले. ऊन उतरलं होतं, नांगरलेली शेतं मोकळी पडली होती. आप्पांनी पाठ भिंतीला टेकवली, श्वास घेतला आणि समोर बघत "आऽऽऽ" सुरू केलं. सपाट, खरखरीत, पण लांब.

नदीकडच्या वाटेने एक जण सायकल हातात धरून चालला होता. तो थांबला. वळून त्यानेही तसाच लांब ओ दिला, "ओऽऽऽ, काय आप्पाऽऽ?" आणि सायकल वळवून आमच्याकडे यायला लागला.

आप्पा थांबले. माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ बंद केलं.

तो माणूस ओट्यापाशी आला, घाम पुसला, "काय म्हने आप्पा?" म्हणाला.

"काही नही," आप्पा म्हणाले. "बठ. च्या ले."